रचनाचं कासव

निपाणीत बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देणारं एक दुकान आहे. पाटी अजून गुंडू मेस्त्रींच्या नावाची आहे, पण मेस्त्रींचे हात थरथरायला लागल्यापासून आतलं सगळं काम रचना करते. आसपासच्या वीस-पंचवीस गावांतले शेतकरी तिला मेस्त्रीण म्हणतात. आधी चेष्टेनं म्हणायचे. आता तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात मोटार देत नाहीत.

या धंद्यात ती काही ठरवून आली नव्हती. लग्न होऊन गडहिंग्लजला गेली, चार वर्षांत ते मोडलं आणि एका पिशवीनिशी ती बापाच्या घरी परत आली. आई आधीच गेलेली. घरात आजी सोनुबाई विड्या वळायची, तिच्या शेजारी सूप घेऊन रचनाही बसली. गल्लीतून जाताना गुंडू मेस्त्री एकदा दारात थांबले आणि बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिले.

"तांब्याची तारबी अशीच वळवायची असती," ते म्हणाले. "येतीस काय दुकानात?"

तिथून पुढं ती तारेत रमली.

तिचा बाप सत्याप्पा विहिरीत उतरायचा. विहिरीच्या तळाला अडकलेला पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह सोडव, तुटून पडलेली पाइप वर काढ, गाळात रुतलेली मोटार दोरानं बांधून दे, असली कामं. वीस-पंचवीस फूट पाण्याखाली एका दमात जाऊन, हातानं चाचपून, तो काम उरकून वर यायचा. पोहायला तो वेदगंगेच्या डोहात शिकला, कारण त्याच्या लहानपणी मळ्यांच्या विहिरींवर त्यांच्या माणसांना पाय ठेवायची मुभा नव्हती. सोनुबाई घागर घेऊन लांब उभी राहायची, कुणीतरी वरून ओतेल तेवढं पाणी घ्यायची. ज्यांनी पाण्याला हात लावू दिला नाही, त्यांच्याच पोरांनी पुढं सत्याप्पाला बोलावून तळापर्यंत जायला सांगितलं. सत्याप्पा या गोष्टीवर कधी बोलला नाही. बोलावणं आलं की टॉवेल खांद्यावर टाकून निघायचा.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात तो भोजच्या एका विहिरीतून वर आला तेव्हा त्याच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. रचनानं त्याला बेळगावला नेलं. डॉक्टरांनी नळीतून कान बघितला आणि पडदा फाटल्याचं सांगितलं. म्हणाले, "आता पाण्याखाली जायचं नाही. अंघोळ करतानासुद्धा कानात कापूस घालायचा."

सत्याप्पानं मान हलवली. पंधरा दिवसांनी एका शेतकऱ्याचा दुकानात फोन आला. "मेस्त्रीण, तुमच्या आप्पांनी मोटार काढून दिली बगा. वय झालं तरी गडी लई दमाचा." तेव्हा रचनाला कळलं, की बाप कानात तेलाचा बोळा घालून परत उतरला होता.

संध्याकाळी तिनं विचारलं, "आप्पा, मरायचं हाय काय?"

"मी न्हाय उतरलो तर कोण उतरणार?" सत्याप्पा म्हणाला. "ह्यांची पोरं उतरतील. विहिरीतली काय म्हायती न्हाय त्यास्नी. एखादं जाईल जिवानिशी."

आवाज चढवून तो क्वचितच बोलायचा. त्याही दिवशी चढवला नाही. पण हा माणूस ऐकणार नाही, हे तिला कळून चुकलं. बापाला विहिरीबाहेर ठेवायचं तर त्याच्या जागी दुसरं काहीतरी खाली पाठवायला हवं होतं.

फोनवर तिनं कुठल्यातरी देशातल्या माणसाचा व्हिडिओ बघितला होता. प्लास्टिकच्या पाइपांचा सांगाडा, त्याला तीन-चार छोट्या मोटारी, पुढं कॅमेरा, आणि मागं लांबलचक वायर. काठावर बसून तो माणूस बटणं दाबत होता आणि यंत्र तळ्याच्या पोटात हिंडत होतं. तिनं तो व्हिडिओ कितीतरी वेळा बघितला. बोलणं कळत नव्हतं, पण मोटारी कळत होत्या.

पहिलं यंत्र तिनं दोन महिन्यांत केलं. खेळण्यातल्या छोट्या मोटारी औषधाच्या डब्यांत बसवल्या, भोवती मेण ओतलं, दांडा बाहेर येतो तिथं ग्रीस भरलं आणि सगळीकडून सिलिकॉन लावलं. दुकानातल्या पिंपात ते यंत्र छान फिरलं. मेस्त्रींनी खुर्चीतून टाळ्या वाजवल्या. पण पाण्याच्या खोल टाकीत सोडल्यावर चार-पाच फुटांवर त्याची एक मोटार बंद पडली, मग दुसरी. वर काढून डबा उघडला तर मेणाच्या कडेनं पाणी आत गेलेलं.

तिनं जास्त मेण घातलं. रबराची वायसरं बदलली. बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात तिचा भाऊ अमरदीप लेथवर काम करतो, त्याच्याकडून पितळेची टोपणं करून घेतली. तरी आठ फुटांवर पाणी आत शिरायचंच. पावसाळाभर ती पाण्याशी भांडत होती आणि पाणी दर वेळी जिंकत होतं.

एक दिवस ती बाकावर पाण्याखाली चालणारी एक सबमर्सिबल मोटार खोलून बसली होती. मोटार उलटी केली तशी आतलं पाणी भळकन फरशीवर सांडलं. रोजचंच दृश्य. फडकं आणायला उठली आणि उठता उठता थांबली.

"मेस्त्री," ती म्हणाली, "हिच्या पोटात पाणी असतंय."

"असतंयच की. आपणच भरून देतोय की भरताना."

"मग मी डबं कशाला बांधतीया?"

वीस-वीस वर्षं विहिरीच्या तळाला चालणाऱ्या मोटारी रोज तिच्या हाताखालून जात होत्या. त्यातली एकही मोटार पाणी बाहेर ठेवायचा हट्ट धरत नाही. पाणी आत येतं आणि तारेला शिवत नाही, एवढंच बघितलेलं असतं. तारेवरचं आवरण चांगलं असलं की झालं. आणि तारेवरचं आवरण हा तर तिचाच धंदा.

मग तिनं कोल्हापूरहून ड्रोनच्या मोटारी आणल्या, कार्बन नसलेल्या. कार्बन नाही म्हणजे आत घासणारं काही नाही, ठिणगी नाही, त्या उघड्याच पाण्यात फिरू शकतात. चारही मोटारी तिनं खोलल्या, नव्या तारेनं भरल्या, वार्निशमध्ये तीन वेळा बुडवून वाळवल्या. आतली गंजणारी बेअरिंगं काढून अमरदीपनं नायलॉनची बुशं बसवून दिली. मोटारींना पुढंमागं फिरवणारी छोटी सर्किटं तिनं राळेत बुडवून पक्की केली. कॅमेरा म्हणून मोटारगाडीच्या मागं लावायचा रिव्हर्स कॅमेरा, काठावर बघायला त्याचाच पडदा, उजेडाला मोटरसायकलचे दोन दिवे आणि साठ फूट वायर. चालवायला एका जेवणाच्या डब्यात बसवलेली चार बटणं. यंत्र चौकोनी, बुटकं, चारी बाजूंना पंखे. मेस्त्री म्हणाले, "हे तर कासव झालं गं." नाव पडलं ते पडलंच.

सत्याप्पा एवढे दिवस या सगळ्याकडं पाठ करून बसला होता. लेकीनं आपल्याला मोडीत काढायचं यंत्र बांधायला घेतलंय, असंच त्याला वाटत असावं. पण कासव पहिल्यांदा ओळखीच्या मळ्यातल्या विहिरीत सोडलं तेव्हा तो येऊन मागं उभा राहिला. कासव पाण्यात गेलं आणि मेलेल्या बेडकासारखं उताणं झालं.

रचनानं बटणं दाबून बघितली. कासव उताण्याचं कुशीवर झालं, परत उताणं.

"वजन कुठं घातलंयस?" सत्याप्पानं विचारलं.

"मधी. सगळीकडं सारखं."

"मधी कशाला? माणूस पाण्यात कशानं उभा ऱ्हातो? छातीत वारा असतोय, पायात वजन. वर फुगा, खाली लोखंड. ते काढ वर."

त्यानं स्वतः बसून वरच्या पाइपांची तोंडं बंद करून घेतली, खालच्या पाइपांत नटबोल्ट भरले, एकेक कमीजास्त करत राहिला. दुपारी तीन वाजता कासव पाण्यात सरळ उभं राहिलं. ना बुडत होतं, ना वर येत होतं. आहे तिथं आहे.

"आता कसं," सत्याप्पा म्हणाला, आणि वायर त्यानं आपल्या हातात घेतली.

तिथून पुढं वाटणी ठरून गेली. रचना पडद्याकडं बघून बटणं दाबायची. सत्याप्पा काठावर उभा राहून वायर सोडायचा, ओढायचा, कुठं अडकली तर बोटांनीच ओळखायचा. अडीच महिन्यांत त्यांनी अकरा विहिरी केल्या. कासव मोटार उचलू शकत नव्हतं, पण ती कुठं पडलीय, कशात अडकलीय, गळ कुठं टाकायचा, ते दाखवायचं. मग वरूनच दोर सोडून काम होई. उतरायची गरज पडत नसे.

एक गोष्ट रचनाच्या ध्यानात आली. कासव पाण्यात असेपर्यंत बाप वायर सोडत नाही. कुणी चहा आणला तर नको म्हणतो. फोन वाजला तर वाजू देतो. एकदा तिनं म्हटलं, "आप्पा, खुट्टीला गुंडाळा की जरा, यंत्र हाय ते, माणूस न्हाय." त्यानं वायरीचा आणखी एक वेढा हाताला घेतला.

फेब्रुवारीत नागेंद्रचा फोन आला. नागेंद्र कोगनोळीच्या बाजूचा तरणा शेतकरी, मारुतीरावांचा धाकटा मुलगा. मारुतीराव जाऊन तीन वर्षं झाली होती, मळा आता तोच बघायचा.

"रचनाक्का, नवी मोटार पाइपासकट खाली गेलीया. क्रेन बोलावणार हाय, पर आंधळ्यानं वढलं तर विहिरीची भिंत येईल अंगावर. तुमचं कासव आणता काय?"

रचना हो म्हणणार होती, मग थांबली. मारुतीरावांची विहीर ती ऐकून होती. एकोणीस वर्षांपूर्वी तिथंच यल्लाप्पा गेला होता. यल्लाप्पा म्हणजे तिच्या बापाचा जोडीदार. दोघं मिळून काम करायचे, एक खाली उतरायचा आणि एक वर दोर धरायचा. त्या दिवशी यल्लाप्पा खाली होता. तो वर आला नाही. सत्याप्पानंच बुडी मारून त्याला काढलं होतं. त्यानंतर सत्याप्पा शेकडो विहिरींत उतरला, त्या मळ्याच्या वाटेला गेला नाही.

तिनं बापाला सांगितलं. तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत बसला.

"जाऊया," तो म्हणाला.

विहीर मोठी होती. वरचं अर्धं दगडी बांधकाम, खाली कातळ. पावसाचा गाळ बसून गेला होता, पाणी नितळ होतं. नागेंद्रनं सावलीला ताडपत्री बांधून दिली. रचना पडदा मांडीवर घेऊन बसली. सत्याप्पा काठावर वायर धरून उभा राहिला, आणि कासव खाली गेलं.

पडद्यावर दगडांचे थर एकापाठोपाठ एक वर सरकत होते. एका सांदीत उंबराची मुळं. पंधरा फुटांवर बांधकाम संपलं, कातळ लागला. तिथं कधीकाळी भिंतीचा एक भाग ढासळून कपारीवर दगडांची रास झाली होती. रचनानं कासव तिच्यावरून न्यायला घेतलं आणि उजेडात काहीतरी निळं दिसलं.

"आप्पा, हितं दोर हाय," ती म्हणाली. "निळा. नायलॉनचा."

मग सत्याप्पा म्हणाला, "नागेंद्र, ही वायर धर. दोन्ही हातांनी धर. मी म्हणंपतूर सोडायची न्हाय."

तो येऊन लेकीच्या शेजारी उकिडवा बसला. दोराचं एक टोक पाण्यात मोकळं लोंबत होतं, शेवाळानं जाड झालेलं. रचनानं कासव जवळ नेलं. टोक सरळ एका घावात कापलेलं होतं.

"माझ्या विळ्यानं कापलाय त्यो," सत्याप्पा म्हणाला. "त्याच्या कमरेपाशी. गाळ उठलाता, काय दिसत नव्हतं. हातानं चाचपून कापलं. आता वर ने. दोर वर कुठं जातोय बग."

दोर दगडांच्या राशीकडं गेला होता. दोन दगडांमधून आत शिरला होता आणि वर तिसरा मोठा दगड बसला होता. दोर त्याच्याखाली पाचरीसारखा गच्च रुतला होता. राशीच्या वरच्या बाजूनं त्याचा लांब तुकडा निघून राशीवर पडला होता, तोही कापलेला. त्या दिवशी वरून लोकांनी ओढून बघितला, आला नाही, म्हणून कापून टाकला होता.

"ते परत दाव," सत्याप्पा म्हणाला.

तिनं परत दाखवलं. तिसऱ्यांदाही दाखवलं. मग तो उठला, नागेंद्रच्या हातातून वायर घेतली आणि म्हणाला, "मोटार हुडक. ज्या कामाला आलोय ते करू."

मोटार सापडली. जुन्या इंजिनाचा लोखंडी सांगाडा तळाला पडलेला होता, तिची पाइप त्याच्या दोन अँगलांमध्ये अडकली होती. क्रेननं कुठल्या बाजूनं ओढायचं ते रचनानं सांगितलं. चार वाजेपर्यंत मोटार वर आली आणि विहिरीचा एक दगड हलला नाही.

परतताना सत्याप्पानं हायवेच्या कडेला एका टपरीशी टेंपो थांबवायला लावला. चहा घेतला आणि न पिता हातात धरून बसला.

"त्या दिशी दोर माझ्या हातात नव्हता," तो म्हणाला.

रचना त्याच्याकडं वळली.

"काठावरच्या इंजिनाच्या बोल्टाला बांधलाता. यल्लू खाली गेला आणि मालुबाईनं हाक मारली. मारुतीरावाची बायको. म्हणाली, सत्याप्पा, सोप्यावर या, च्या घ्या. सोप्यावर, त्यांच्या पाव्हण्यांच्या बैठकीत. माझी आई त्या घराच्या मागल्या परड्यापतूर गेली न्हवती कधी. मला काय वाटलं काय की. मला ते लई मोठं वाटलं. गेलो. कपबशीतनं दिला च्या. मी जाणूनबुजून सावकाश प्यालो." तो थांबला. "खालून झटका आला की वर ओढायचं, असं ठरल्यालं. त्यानं दिला असंल झटका. मी न्हवतोच तितं."

"आप्पा, भिंत ढासळली तवा दोर दगडाखाली दाबला हुता," रचना म्हणाली. "बघितलं न्हवं तुमी? हातात असता तरी झटका वर आला नसता. काय कळलं नसतं तुमास्नी."

"व्हय. बघितलं." त्यानं चहाचा पेला बाकावर ठेवला. "तरी हातात असायला पायजे हुता."

यंत्र केलं तेव्हा बापाचा कान वाचवायचा एवढंच रचनाच्या डोक्यात होतं. हे असलं काही त्यातून वर येईल, असं तिला वाटलं नव्हतं, आणि वर आलंय ते चांगलं की वाईट, तेही तिला ठरवता येईना.

दोन दिवसांनी सत्याप्पा धुतलेला शर्ट घालून निघाला. "मंगलकडं जाऊन येतो," म्हणाला. रचनाही बरोबर गेली.

मंगल म्हणजे यल्लाप्पाची बायको. नवरा गेला तेव्हा तिशीची होती. तंबाखूच्या वखारीत काम करून, विड्या वळून तिनं एकुलत्या मुलाला शिकवलं. मुलगा साईराज आता बेळगावात एका कंपनीत नोकरीला होता. मंगल दारात शेंगा निवडत बसली होती. सत्याप्पानं उंबऱ्याशी बसून तिला सगळं सांगितलं. दोर दगडाखाली कसा दबला होता ते आधी सांगितलं, मग सोप्यावरचा चहा. काही राखून ठेवलं नाही.

मंगलचे हात थांबले नाहीत. सांगून झाल्यावर तिनं सूप बाजूला सारलं.

"म्हंजे त्यो पिला नव्हता?" तिनं विचारलं.

सत्याप्पाला प्रश्न कळायला वेळ लागला. "न्हाय गं. काम असलं की त्यो शिवायचा न्हाय दारूला. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

"मला म्हाईत हुतं. पर गावभर लोक म्हणले, पिऊन उतरला, झिंगला, बुडला. पंचनाम्यालाबी तसंच बोलले. सासू मरंपतूर तेच म्हणत हुती. मलाबी मग तसंच वाटाय लागलं." ती त्याच्याकडं सरळ बघत होती. "तू तितं हुतास. तुला ठावं हुतं. तू का बोलला न्हाईस?"

सत्याप्पानं सुपाबाहेर पडलेली एक शेंग उचलून परत सुपात टाकली.

"लोकं तसं म्हणाली, ते माझ्या पथ्यावर पडलं," तो म्हणाला. "मग मला कुणी इचारलं न्हाय."

दोर सोडला ही गोष्ट तो एकोणीस वर्षं उरावर घेऊन फिरला होता. आणि मंगलच्या लेखी ती गोष्टच नव्हती. तिचं जे गेलं होतं ते दुसरंच होतं, नवऱ्याचं चांगलं नाव, आणि ते परत देणं या माणसाला तेव्हा दुसऱ्याच दिवशी जमलं असतं. रचनाला बापाची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"मला सांगून काय उपयोग?" मंगल उठत म्हणाली. "माझा निम्मा जलम गेला. साईराजला सांग. बाप दारुडा हुता म्हणून त्यो त्याचा फोटोबी लावून घेत न्हाय घरात. त्याला सांग जा."

सत्याप्पा रविवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी एसटीनं बेळगावला गेला. रचनाला येऊ नको म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या फाटकाबाहेर साईराज त्याला भेटला. काय बोलणं झालं ते सत्याप्पानं घरी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "ऐकून घेतलं त्यानं. काय बोलला न्हाय. भोंगा झाला, आत गेला."

पुढचे काही दिवस सत्याप्पा कामाला आला नाही. रचनानं दोन विहिरी पुढं ढकलल्या. तिसरीला ती शेजारच्या मष्णूला वायर धरायला घेऊन गेली, आणि कासव कपारीत अडकून पंखा तुटला. ते ऐकून सत्याप्पा घरात पडल्या पडल्या म्हणाला, "वायर वढली असंल त्यानं. वढायची नसती. ढिली सोडून वाट बघायची." दुसऱ्या सकाळी तो दुकानात येऊन नव्या पंख्याला कानस मारत बसला.

तीन आठवड्यांनी साईराजचा रचनाला फोन आला. तो तिच्याशी आधी कधी बोलला नव्हता.

"आक्का, ते यंत्र किती खोल जातं?"

तिनं सांगितलं.

"मला ते बघायचंय. दोर. दाखवाल?"

"माझ्या फोनमध्ये पडद्याचा व्हिडिओ हाय. पाठवून देऊ?"

तो म्हणाला, "नको. तिथंच बघतो. आईला पण आणतो."

नागेंद्रनं लगेच होकार दिला. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सगळे विहिरीवर जमले. साईराज उंच, अंगानं बारीक, बोलायला कमी. त्यानं सत्याप्पाला नमस्कार केला नाही आणि तोंडही फिरवलं नाही. मंगल नव्या कोऱ्या लुगड्यात आली होती. विहिरीपासून आठ-दहा पावलांवर येऊन थांबली आणि काठापर्यंत यायला तिनं वेळ घेतला. एकोणीस वर्षांत ती इकडं फिरकली नव्हती. कुणी तिला घाई केली नाही.

कासव खाली गेलं. या वेळी पडदा साईराजच्या मांडीवर होता. दोर दिसला तेव्हा रचनानं कासव स्थिर धरलं. उजेडात निळा रंग अजून बऱ्यापैकी निळा होता. साईराजनं बोट पडद्यावर ठेवलं, दगडाखाली दोर जिथं शिरत होता तिथं.

"इथं अडकला?"

"व्हय," सत्याप्पा काठावरून म्हणाला. वायर त्याच्या हातात होती, त्यामुळं त्याला वळून बघता येत नव्हतं. "वरून कितीबी वढला असता तरी आला नसता. तुझा बाप दमाचा गडी हुता. दीड मिनिट सहज थांबायचा खाली. झटकं दिलं असतील त्यानं. लई दिलं असतील."

साईराजचं बोट पडद्यावर दोराच्या कापलेल्या टोकापर्यंत सरकलं. "काढता येतो का तो?" त्यानं विचारलं.

"गळ बसवून ओढता येईल," रचना म्हणाली. "पर वरचा दगड हलला तर रास कोसळंल. भिंत हाय वर."

साईराजनं वर बांधकामाकडं बघितलं, मग नागेंद्रकडं. "मग राहू दे," तो म्हणाला.

मंगल आतापर्यंत पडद्याकडं आली नव्हती. ती आली, लेकाच्या खांद्यावर हात टेकून वाकली. कासवाच्या दिव्यासमोरून बोटाएवढा मासा गेला, दोराच्या टोकाशी थांबला आणि परत वळला. मंगल डोळे बारीक करून बघत होती.

"पाणी लई नितळ हाय की," ती म्हणाली. "मला वाटायचं, आत काळाकुट्ट अंधार असंल."

"आमी उतरतो तवा अंधारच असतोय, मंगल," सत्याप्पा म्हणाला. "उजेड ह्या पोरीनं नेला."

मंगलनं रचनाकडं बघितलं. मग यंत्र आणखी खाली, तळापर्यंत न्यायला सांगितलं. रचनानं बटण दाबलं. सत्याप्पानं हातभर वायर ढिली सोडली.